जॅकरॅबिट आजोबा आणि बर्फाने झपाटलेली माणसं

मॉन्ट्रियलची_मुक्ता

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. डिसेंबरपासून दर शनिवारी सकाळी त्याला घेऊन आम्ही मॉन्ट्रियलच्या उत्तरेला लॉरेंशियन डोंगरांत स्कीच्या वर्गाला जातो. उतारावरून सुसाट खाली यायचं ते स्की नव्हे. लांब अरुंद पट्ट्या, टाच मोकळी, आणि झाडांमधून चालत-घसरत जायचं, ते. या वर्गातल्या पोरांना कॅनडाभर 'जॅकरॅबिट' म्हणतात. मला वाटायचं, लहान मुलांसाठी म्हणून ससा घेतला असेल. परवा तिथल्या एका आजींनी सांगितलं, अगं, तो ससा नाही, तो माणूस होता!

हर्मन स्मिथ-योहान्सेन. जन्म १५ जून १८७५, नॉर्वेतलं होर्टेन. मृत्यू ५ जानेवारी १९८७. हिशेब करा. एकशे अकरा वर्षं. आणि शंभरी उलटल्यावरही पायात स्की.

बर्लिनमध्ये इंजिनिअरिंग शिकून गडी अमेरिकेत आला आणि अवजड यंत्रं विकू लागला. त्या कामासाठी उत्तर ऑन्टारियोत रेल्वेच्या बांधकामांवर जायचा, आणि तिथल्या क्री या मूळ रहिवासी लोकांसोबत हिंडायचा. ते पायाला जाळीचे स्नोशू बांधून चालणारे. हा लाकडी पट्ट्यांवरून सुळकन पुढे. त्यांनी नाव ठेवलं 'ओकुमाकुन वापूस'. वापूस म्हणजे ससा. तेच पुढे जॅकरॅबिट झालं.

१९२९ च्या मंदीत होतं-नव्हतं ते गेलं. वय चोपन्न, बायको, तीन मुलं. या वयात माणूस काय करेल? हा डोंगरात राहायला गेला, आधी शॉब्रिजला, मग पिडमाँटला. कुऱ्हाड घेऊन रानातून वाटा काढायच्या, हॉटेलांना आणि क्लबांना स्कीच्या वाटा आखून द्यायच्या, पोरांना शिकवायचं. लाबेल ते शॉब्रिज ही मेपल लीफ वाट, सुमारे १२८ किलोमीटर, त्याचीच. साठीच्या उंबरठ्यावर केलेली.

त्या आजी योहान्सेनना लहानपणी भेटल्या होत्या. आजींचे वडील म्हणायचे, तो माणूस काही कामधंदा करत नाही, नुसता बर्फात फिरतो. सांगताना आजींच्या डोळ्यांत पाणी होतं.

इकडे अशांना 'स्की बम' म्हणतात. कामापुरतं काम करायचं, बाकी सगळं आयुष्य बर्फाला वाहायचं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मराठीत अशा माणसाला काय म्हणाल? आणि तुमच्या पाहण्यात असं कुणी आहे का?

---

रानमेवा

मस्त धागा! 'वापूस' मी आधी 'हापूस' असंच वाचलं आणि कॅनडात आंबा कुठून आला म्हणून परत वर गेलो. 😄

शब्द सुचवतो: हिमफिरस्ता.

---

बंड्या_ऑस्लोकर

मुक्ता, छान लिहिलंस. मी नॉर्वेत एकोणीस वर्षं आहे, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं अवघड.

योहान्सेन तेरा वर्षांचा होता तेव्हा, १८८८ मध्ये, नान्सेन या इथल्या शोधक-प्रवाशाने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. त्या पिढीतल्या इथल्या पोरांच्या डोक्यात काय भरलं असेल याची कल्पना कर. आजही रविवारी सकाळी ऑस्लोची मेट्रो स्की घेतलेल्या माणसांनी भरलेली असते. तान्ही पोरं स्लेजमध्ये, आजोबा पुढे. पाठीवरच्या पिशवीत संत्रं आणि क्विक लुन्श नावाचं चॉकलेट. पोरांना शिकवतात, 'उत पो तूर, आल्द्री सूर'. भटकायला निघालास ना, मग तोंड आंबट करायचं नाही.

पण तुला खरा आद्यपुरुष सांगतो. सोंद्रे नोरहाइम, टेलेमार्कमधल्या मोरगेदालचा. जन्म १८२५. गरीब कूळ, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी. शेतीकडे लक्ष कमी, उतारांकडे जास्त. त्याने विलोच्या झाडाच्या पिळलेल्या काड्यांनी टाच बांधायची युक्ती काढली, म्हणजे उडी मारली तरी पट्टी पायातून निसटत नाही आणि वळताही येतं. १८६८ मध्ये हा बेचाळीस वर्षांचा माणूस स्पर्धेसाठी सुमारे दोनशे किलोमीटर स्कीवरूनच राजधानीत आला आणि तरण्या पोरांना हरवून गेला.

पुढे पोटासाठी १८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला, आणि अखेर पोचला कुठे, तर नॉर्थ डकोटात. म्हणजे परातीसारखा सपाट मुलूख. डोंगर औषधाला नाही. सांगतात की त्याच्या दाराबाहेर स्कीची जोडी कायम उभी असायची. तिथेच १८९७ मध्ये गेला. पहिल्यांदा हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

---

कोकणकडा_२१

ती दाराबाहेरची जोडी... बाप रे.

---

सडेतोड_सातारकर

सगळे भारावलेत म्हणून मी जरा दुसऱ्या बाजूने लिहितो, राग मानू नका.

वय चोपन्न, पैसा बुडालेला, घरात तीन मुलं. आणि गृहस्थ कुऱ्हाड घेऊन रानात. यात कौतुक कुणाचं करायचं? ज्या बाईने त्या थंडीत घर चालवलं तिचं की नाही? आपल्याकडे असा माणूस शेजारी असता तर आपणच म्हणालो असतो, संसाराकडे बघ जरा. एकशे अकरा वर्षं जगला, चांगलंच आहे. पण त्या घरातल्या हिवाळ्यांचा हिशेब कोण लिहितं?

---

मॉन्ट्रियलची_मुक्ता

सातारकर, राग कशाला. बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. तिचं नाव अ‍ॅलिस रॉबिन्सन, क्लीव्हलंडची. १९०७ मध्ये लग्न झालं तेव्हा नवरा चांगला कमावता इंजिनिअर होता. मंदीनंतरची गरिबी तिच्या वाट्याला पूर्ण आली. मी तिचं नाव पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

एक भर घालते. मोठी मुलगी अ‍ॅलिस मॅकगिल विद्यापीठाच्या रेडपाथ संग्रहालयाची संचालक झाली, पुढे माँ सँ-तिलेरच्या निसर्ग राखीव क्षेत्राची. आणि वडिलांचं चरित्र तिनेच लिहिलं. बापाने वाऱ्यावर सोडलेली मुलगी असं करेल का? मला नाही वाटत. पण आईच्या बाजूने कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, हेही खरं.

---

अभियंता_७२

सातारकरांशी अर्धा सहमत, अर्धा नाही. मंदीत नोकऱ्याच नव्हत्या हो! रोज शहरात चपला झिजवून हात हलवत परत यायचं, की जे येतं त्यावर पोट भरायचं? त्याने दुसरं केलं. इंजिनिअरच होता तो. डोंगराचा उतार, वारा कुठून येतो, बर्फ कुठे टिकतं, चढ कुठे दम काढेल, हे बघून वाट आखणं म्हणजे सर्वेक्षणच. मी तीस वर्षं रस्त्यांची आखणी केली आहे. १२८ किलोमीटरची वाट हौसेने होत नाही.

---

जुना_पेठकर

शब्दासाठी माझा प्रस्ताव: घसरगुंड्या.

---

रानमेवा

पेठकर काका 😂😂 नोरहाइम ऐकेल ना!

---

ओटावाचा_ओंकार

या भागात 'कॅनेडियन स्की मॅरेथॉन' असते, १९६७ पासून. दोन दिवसांत साधारण १६० किलोमीटर, लाशूत आणि गॅतिनो या गावांच्या दरम्यान. जे सगळ्यात कठीण प्रकार घेतात ते सामान पाठीवर घेऊन मधली रात्र उघड्यावर काढतात. अंगाखाली पेंढा, समोर शेकोटी, वर चांदणं. त्यांना 'कुरर द ब्वा' म्हणतात, रानोमाळ हिंडणारे. पूर्वी फरचा व्यापार करत जंगलं तुडवणाऱ्यांचं हे नाव.

मी तो कठीण प्रकार केला नाही, फक्त काही टप्पे केले. चौथ्या टप्प्यात पाय भरून आले, मेण चुकलं होतं, प्रत्येक चढावर मागे घसरत होतो. मागून एक बाई आल्या, पंच्याहत्तरीच्या असतील. थांबल्या, खिशातून मेणाची कांडी काढली, माझी पट्टी उलटी करून स्वतः घासून दिली आणि पुढे गेल्या. नाव विचारायचंही सुचलं नाही. मुक्ता, तू ज्या आजींबद्दल लिहिलंस त्या त्याच असाव्यात असं उगाच वाटून गेलं.

---

कोकणकडा_२१

मेणाचं काय प्रकरण आहे? मेण लावल्यावर घसरेल ना अजून?

---

बंड्या_ऑस्लोकर

इथेच तर सगळी मजा आहे. या स्कीला चढायचंही असतं. म्हणून पट्टीच्या मधल्या भागात, पावलाखाली, पकडीचं मेण लावतात. पट्टी कमानीसारखी असते. अंगाचा भार दिला की मधला भाग बर्फाला टेकतो, बर्फाचे कण मेणात रुततात आणि पकड मिळते. भार काढला की कमान उचलली जाते आणि पट्टी पुढे घसरते. पाऊल, घसर, पाऊल, घसर.

मेण तापमानावर ठरतं. कडाक्याची थंडी असेल तर हिरवं, कडक. जरा कमी असेल तर निळं. शून्याच्या आसपास जांभळं, लाल, मऊ. आणि बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं असेल तर क्लिस्टर नावाचा एक चिकट राक्षस, काकवीसारखा. तो एकदा जाकिटाला लागला की जाकीट त्याचं. योहान्सेनच्या काळी लाकडी पट्ट्या, त्यांना तळाशी पाइनचं डांबर चोपडायचे. त्याचा वास अजून जुन्या घरांच्या तळघरात येतो.

आपल्याकडे आजीला लोणच्याचं मीठ हाताने कळायचं, तसं इथल्या म्हाताऱ्यांना मेण कळतं. दार उघडतात, मुठीत बर्फ दाबतात आणि रंग सांगतात.

---

डेन्व्हरची_देवकी

अमेरिकेतला प्रकार थोडा वेगळा, म्हणून लिहिते. इथे 'स्की बम' म्हटलं की उताराचं स्की आणि लिफ्ट.

वॉरन मिलर. पुढे आयुष्यभर स्कीचे चित्रपट करत आणि गावोगावी स्वतः रंगमंचावर उभा राहून त्यांचं निवेदन करत फिरला. पण सुरुवात बघा. १९४६-४७ चा हिवाळा त्याने मित्राबरोबर आयडाहोतल्या सन व्हॅली या स्कीच्या ठिकाणी, पार्किंगमध्ये एका छोट्या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरमध्ये काढला. जेवण काय? हॉटेलातलं फुकट केचप गरम पाण्यात घालून टोमॅटोचं सार, सोबत फुकटची बिस्किटं. २०१८ मध्ये गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन.

आणि बिल ब्रिग्ज, वायोमिंगमधल्या जॅक्सनचा. जन्मतःच नितंबाच्या सांध्याची खोबण नव्हती. पुढे तो सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जखडून टाकला. अशा पायाने १९७१ च्या जूनमध्ये हा ग्रँड टीटन शिखराच्या माथ्यावरून स्कीवर खाली आला. त्याआधी ते कुणीच केलं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात एकटाच. लोकांना खरं वाटेना, तेव्हा विमानातून फोटो काढले, आणि वरच्या बर्फात त्याच्या वळणांच्या रेघा स्पष्ट दिसल्या. जवळच्या विल्सन गावातल्या बारमध्ये रविवारी संध्याकाळी बँडबरोबर गायचा-वाजवायचा, तेही वर्षानुवर्षं.

आता असं जगणं जवळजवळ संपलं. मोठ्या ठिकाणी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर गेलंय. लिफ्ट चालवणारी पोरं तासभर लांबून येतात, कारण गावात खोली परवडत नाही. पार्किंगमध्ये झोपलात तर रात्री दोनला काचेवर टकटक. मी राहते तिथून जवळच्या एका गावात असाच एक म्हातारा होता, सगळे त्याला ओळखायचे. सकाळी बेकरीत भट्टी पेटवायचा आणि नऊ वाजता डोंगरावर. घरमालकाने घर विकलं, आणि चाळीस वर्षांनी त्याला गाव सोडावं लागलं. त्या हिवाळ्यात बेकरीच्या दारावर कुणीतरी त्याची जुनी टोपी खिळ्याला अडकवून ठेवली होती. मी रोज जाताना बघायचे.

---

रानमेवा

अवांतर: पहिली खुर्ची-लिफ्टही सन व्हॅलीतच झाली, १९३६ मध्ये. ज्या इंजिनिअरने ती आखली त्याने आधी जहाजात केळ्यांचे घड चढवायच्या यंत्रावर काम केलं होतं. घडाच्या जागी माणूस टांगला!

---

खानदेशी_झटका

म्हणजे जळगावात हे आधीच व्हायला हवं होतं. केळी आमची, नुसतं बर्फ कमी पडलं. 🍌

---

मॉन्ट्रियलची_मुक्ता

आणि आमच्या शॉब्रिजला १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाने मोटारीचं चाक उचलून, त्यावर दोर फिरवून लोकांना डोंगरावर ओढायला सुरुवात केली. म्हणजे दोराची लिफ्ट आणि आजोबांची मेपल लीफ वाट, एकाच गावात, एकाच सुमारास. मॉन्ट्रियलहून स्कीवाल्यांच्या खास गाड्या भरून यायच्या. लोक बहुतेक करून दोराकडे गेले. आजोबा वाटेवरच राहिले.

---

सुलभा_नाशिक

खूप दिवस नुसती वाचते, आज लिहिते. सातारकरांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

माझा मोठा भाऊ असा आहे. नाशिकहून बावीसाव्या वर्षी मनालीला गिर्यारोहणाचा कोर्स करायला गेला आणि परत आलाच नाही. हिवाळ्यात सोलंगच्या उतारावर पर्यटकांना स्की शिकवायचं, उन्हाळ्यात ट्रेकवाल्यांबरोबर वर. लग्न नाही, घर नाही, एका लाकडी खोलीत सव्वीस वर्षं. सोलंगच्या रस्त्यावर गमबूट आणि फरचे कोट भाड्याने देणाऱ्या टपऱ्या असतात ना, त्यांतल्या एकीचा नंबर हाच त्याचा पत्ता.

वडिलांचं आजारपण मी काढलं. आईचे गुडघे मी बघते. मला या माणसांबद्दल कुणी डोळे भरून बोलायला लागलं की आत काहीतरी चिरतं. दर दिवाळीला आई एक करंजीचा डबा बाजूला काढून ठेवायची, 'आला तर'. तो डबा देवदिवाळीला आम्हीच संपवायचो.

पण आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर खोटं होईल. सहा वर्षांपूर्वी आई हट्टाने त्याच्याकडे गेली. एकटी. वय सदुसष्ट. पंधरा दिवस राहिली. परत आल्यावर मी विचारलं, कसा राहतो गं? मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "खोली फार गार आहे. पण रस्त्याने चालताना त्याला प्रत्येक जण हाक मारतो. मीही त्याच्या मागून चालत होते, तर मलाही हाक मारायला लागले." त्यानंतर तिने डबा काढून ठेवणं बंद केलं. पार्सलने पाठवते.

माझं अजून त्याच्याशी धड बोलणं नाही.

---

सडेतोड_सातारकर

सुलभाताई, तुमचं वाचून थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसलो. माझ्या लिहिण्यामागेही घरचंच काहीतरी आहे, पण ते इथे नको. आईंना नमस्कार सांगा.

---

कोकणकडा_२१

सुलभाताई 🙏

---

अभियंता_७२

ताई, मी वर 'सर्वेक्षण' वगैरे लिहिलं. त्यातलं काहीही तुमच्या वाट्याला आलेल्या कामाइतकं जड नाही. हे नुसतं मनापासून.

---

मिरजेचा_मिलिंद

गुलमर्गला गेलो होतो तेव्हा आमच्या स्कीच्या शिक्षकांना विचारलं होतं, तुम्ही कधी शिकलात? ते म्हणाले, शिकलो नाही, फळीला दोरी बांधून पोरं खाली यायचो, त्यात आलं. फिरनच्या, म्हणजे लांब काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, धरून ते आमची पडापड बघत उभे असायचे. चार दिवसांत मला एवढंच आलं की पडायचं असेल तर बाजूला पडावं. त्यांनी मात्र पाचव्या दिवशी मिठी मारून निरोप दिला, जणू मी पदकच जिंकलं होतं.

शब्दाबद्दल: 'बर्फाचा वारकरी' कसं वाटतं? दरवर्षी त्याच वाटेने जायचं, पोचायची घाई नाही, आणि सोबत येईल तो आपला.

---

जुना_पेठकर

मिलिंदराव, वारकरी शब्द चांगला आहे, पण वारकरी वारी संपली की घरी येऊन पेरणीला लागतो. संसार सोडत नाही तो. उलट योहान्सेन बसतो त्यात, बायकामुलांसकट डोंगरात राहिला म्हणून. सुलभाताईंचे बंधू बसत नाहीत. 'अवलिया' म्हणा. घसरगुंड्या मागे घेतो.

---

देवकीची_धाकटी

ताईने धागा पाठवला म्हणून सदस्य झाले. घसरगुंड्या मागे घेऊ नका, मला आवडला.

---

ओटावाचा_ओंकार

मुक्ता, मेपल लीफ वाट अजून आहे का? कधीतरी पूर्ण जायचं म्हणतोय.

---

मॉन्ट्रियलची_मुक्ता

ओंकार, पूर्ण नाही राहिली. हमरस्ता आला, बंगले आले, खाजगी जमिनींच्या पाट्या आल्या. तुकडे आहेत अजून. ज्या रेल्वेने स्कीवाले यायचे तिचे रूळही गेले. पण त्या रुळांच्या जागी आता 'प'ती त्रँ द्यू नॉर' ही लांबलचक वाट आहे, सँ-जेरोमहून पार उत्तरेला, सुमारे दोनशे किलोमीटर. उन्हाळ्यात सायकली, हिवाळ्यात काही भागात स्की.

मागच्या शनिवारी वर्ग संपल्यावर मी आणि लेक सँ-सोव्हरला आजोबांच्या कबरीवर जायला निघालो. दोघं नवराबायको तिथेच आहेत. बर्फ इतकं होतं की दगड सापडेना. लेकाने तीन चुकीच्या दगडांवरचं बर्फ हातमोज्याने झाडलं, नावं वाचली, प्रत्येकाला 'सॉरी आजोबा' म्हणाला. अंधार पडायला लागला तसे परत आलो. गाडीत मला विचारतो, "त्यांना १९७२ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा मिळालं म्हणतेस, तेव्हा ते किती वर्षांचे होते?" सत्त्याण्णव, म्हटलं. "मग इतका उशीर का केला?" मला उत्तर देता आलं नाही.

---

बंड्या_ऑस्लोकर

पोराला माझ्याकडून एक क्विक लुन्श. आणि पुढच्या वेळी बर्फ वितळल्यावर जा, मे महिन्यात. दगड आपोआप सापडेल.

---

सुलभा_नाशिक

काल रात्री भावाला फोन केला. तुमच्या सगळ्यांमुळे, किंवा त्या दाराबाहेरच्या स्कीमुळे, माहीत नाही. हा धागा त्याला वाचून दाखवला, चाळीस मिनिटं. मधेच म्हणाला, ब्रिग्जचा भाग परत वाच. नोरहाइमचा वाचला तेव्हा काहीच बोलला नाही, मला वाटलं रेंज गेली.

शेवटी मुक्ताचा प्रश्न विचारला, तुझ्यासारख्याला मराठीत काय म्हणायचं रे? म्हणाला, "तू दादा म्हण की. आधी म्हणायचीस."

या फेब्रुवारीत आईला घेऊन जातेय. मला थंडीची भीती वाटते, काय काय कपडे न्यावेत कुणी सांगेल का?

---

डेन्व्हरची_देवकी

ताई, अंगालगत लोकरीचे पातळ थर, सुती काहीही नको, घामाने भिजलं की गारठवतं. मोजे दोन जोड जास्त. आईंसाठी हातमोजे बोटं एकत्र असलेले घ्या, ते जास्त ऊबदार. बाकी तिथल्या टपरीवर भाड्याने मिळेलच, नंबर तुमच्याकडे आहे.

---

मॉन्ट्रियलची_मुक्ता

ताई, बुटांत जागा राहू द्या, घट्ट बूट सगळ्यात गार. आणि दादांना विचारून सांगा ना, सोलंगला मेण कुठलं लागतं. इथे शनिवारी उणे चौदा आहे. आम्ही हिरवं लावतोय.